दोघांचे अंगठे

यॉट भाड्याने घ्यायची कल्पना ऋजुताची होती. नवऱ्यापुढे, हृषीकेशपुढे, तिने ती मांडली तेव्हा तो स्वयंपाकघरात मेथी निवडत बसला होता.

"आपण? समुद्रातून?" त्याने विचारलं.

"हो. सकाळी रत्नागिरीहून निघायचं, दुपारपर्यंत माडवेळ. मुक्काम यॉटवरच. दुसऱ्या दिवशी सकाळी तुझ्या गार्गीचं तबलावादन ऐकायचं आणि परत फिरायचं. मी बुकिंग करून टाकलंय."

तो "बरं" म्हणाला आणि पुन्हा मेथीची पानं खुडू लागला. ऋजुताला वाटलं होतं, तो निदान हसेल तरी. पण गेल्या चार वर्षांत त्याचं हे शांतपण तिच्या सवयीचं झालं होतं. ज्या माणसाने त्याआधीची आठ वर्षं जमिनीवर पडून काढली, तो आता जरा शांत झाला तर तक्रार कसली करायची, असं ती स्वतःला समजावत असे.

हृषीकेश काळसेकर म्हणजे सांगलीतला नावाजलेला तबलजी. बेचाळिसाव्या वर्षी, इचलकरंजीच्या एका मैफलीत, रंगात आलेल्या झपतालाच्या मध्यावर सगळं सभागृह त्याच्याभोवती गरगर फिरायला लागलं आणि तो डग्ग्यावर आडवा झाला. आतल्या कानातल्या पाण्याचा दाब वाढण्याचा आजार निघाला. झटका कधी येईल याचा नेम नसे. आला की चार-चार तास भिंती फिरत, ओकाऱ्या होत, डोळ्यांची बुबुळं एका बाजूला ओढल्यासारखी झटके देत राहत. ऋजुता पाणीपुरवठा खात्यात रसायनतज्ज्ञ होती. त्या काळात तिच्या पर्समध्ये कागदपत्रांपेक्षा प्लॅस्टिकच्या पिशव्या जास्त असत. दोन बढत्या तिने नाकारल्या. रात्री त्याने नुसती कूस बदलली तरी ती उठून बसायची.

मग 'तोल' आला.

'तोल' हे तांदळाच्या दाण्याएवढं यंत्र. ते कानामागच्या हाडात बसवत. माणसाच्या आतल्या कानात ऐकण्याच्या भागाला लागूनच तोल सांभाळणारे अवयव असतात. शरीर किती कललं, कुठे वळलं, याची खबर ते मेंदूला सतत पोचवत असतात. हृषीकेशच्या कानातून खोटी खबर जात होती. माणूस अंथरुणावर पडलेला आणि कान सांगतोय, तू भोवऱ्यासारखा फिरतोयस. 'तोल' ही कानाची खबर मज्जातंतूपाशीच अडवत असे आणि त्याऐवजी स्वतः मोजलेली, गाळून स्वच्छ केलेली खबर पुढे पाठवत असे. ऑपरेशनच्या तिसऱ्या दिवशी हृषीकेश कठड्याला हात न लावता दवाखान्याचा जिना उतरला होता. ऋजुता खालच्या पायरीवर उभी राहून रडली होती.

यंत्र बंद करण्याची सोय होती, पण गाडी चालवताना कुणी बंद केलं तर अनर्थ व्हायचा, म्हणून ते बंद करायला, आणि पुन्हा सुरू करायलाही, दोघांचे अंगठे लागत. एक रुग्णाचा, एक घरच्या माणसाचा, फोनच्या पडद्यावर एकाच वेळी. चार वर्षांत तशी वेळ आली नव्हती. त्या चार वर्षांत जगही त्या यंत्राच्या मागे लागलं होतं. त्याची साधी आवृत्ती, कानामागे चिकटवायची पट्टी, आता औषधाच्या दुकानात मिळे. घाटातल्या बसमधली मुलं, ट्रकचालक, विमानातले कर्मचारी, सगळे सर्रास लावत.

हृषीकेश हिंडूफिरू लागला. संगीत महाविद्यालयाचे अभ्यासक्रम लिहू लागला. जुन्या विद्यार्थ्यांनी पाठवलेली रेकॉर्डिंग तपासून त्यांना टिपणं पाठवू लागला. तबला मात्र त्याने पुन्हा उघडला नाही. बोटं आखडली, म्हणाला. ऋजुतानेही फार छेडलं नाही.

डिसेंबरातल्या एका शुक्रवारी ते रत्नागिरीहून निघाले. यॉट बेताची होती. एक शीड, दोन खोल्या, आणि चालवायला मालवणचे रघुवीर तारी. तारी पन्नाशीचे, रापलेले, मोजकं बोलणारे. माडवेळला तिन्ही बाजूंनी जांभ्याचे कडे आहेत आणि खाली उतरायला धड रस्ता नाही, त्यामुळे तिथल्या संगीत महोत्सवाला लोक होड्यांनीच येत. कुणी वाळूत बसून ऐके, कुणी खाडीच्या तोंडाशी नांगर टाकून होडीतूनच.

सकाळी जमिनीवरून येणाऱ्या मतलई वाऱ्यावर यॉट मजेत चालली. पूर्णगड मागे पडलं तशी आडवी लाट सुरू झाली आणि ऋजुताच्या पोटात ढवळायला लागलं. ती कठडा धरून बसली. हृषीकेश खालून चहाचे दोन पेले घेऊन आला. कुठेही न धरता, डेकवरून सरळ चालत. एक थेंब सांडला नाही.

"तुझ्यासाठी आलं घातलंय," तो म्हणाला. तिच्या पाठीवर हात फिरवत थोडा वेळ बसला आणि मग पुढे जाऊन उभा राहिला.

तारी सुकाणूपाशी होते. बराच वेळ त्याच्याकडे बघून झाल्यावर ते हलक्या आवाजात म्हणाले, "वहिनी, एक विचारू? राग मानू नका. ह्येंच्या कानात यंत्र हा काय?"

"हो. कसं ओळखलंत?"

"होडी हलली की माणूस आपसूक हलता. कितीव घट्ट उभो रवलो तरी मान हलता, खांदे हलतत. ह्येंचा कायच हलणत नाय." तारींनी सुकाणू जरा वळवलं. "माझो भाचो ती पट्टी लावून दर्यात जाता. उलटी नाय, चक्कर नाय. पण पाठसून लाट येता ती तेका कळणत नाय. मी तेका सांगलंय, एक दिवस पडशीत." मग त्यांनी सुकाणूजवळच्या स्पीकरकडे बोट दाखवलं. "आणि सकाळपासून मी गाणी लावलंय. तुम्ही तबलजी म्हणालात म्हणून मुद्दाम लावलंय."

ऋजुताने हृषीकेशकडे पाहिलं. स्पीकरवर एक जुनी लावणी चालली होती, ढोलकी अशी की तिच्या मळमळीतही पायाचा अंगठा ठेका धरत होता. हृषीकेश पाठमोरा उभा होता. त्याचा उजवा अंगठा बोटांच्या पेरांवरून सरकत होता. एक, दोन, तीन, चार. न चुकता. हे तिने चार वर्षं पाहिलं होतं, लग्नात, समारंभात, घरी रेडिओ लागला असताना. तो गाण्यात रमलाय असंच तिला प्रत्येक वेळी वाटलं होतं. आज पहिल्यांदाच तिच्या लक्षात आलं, तो मोजत होता.

दुपारी माडवेळला नांगर टाकल्यावर तासाभरातच गार्गी सामंत एका छोट्या होडीतून त्यांना भेटायला आली. नऊ वर्षांची असताना ती हृषीकेशच्या क्लासात आली होती. आता बत्तीस वर्षांची, आणि उद्या सकाळचं सत्र तिच्या एकटीचं. ती वाकून पाया पडली. ऋजुताने पुढे केलेला लाडू तिने हातात धरून ठेवला, खाल्ला नाही.

"सर, उद्या स्टेजवर माझ्या शेजारी बसाल?"

"नको. मी समोर बसून ऐकेन."

"एक बोलू सर?" गार्गी म्हणाली. "तुम्ही टिपणं पाठवता, त्यात सगळं मात्रांचं असतं. बाराव्या मिनिटाला पाव मात्रा पुढे गेलीस, असं. बरोबरच असतं, मी मोजून बघते. पण पूर्वी तुम्ही असं बोलत नव्हता. पूर्वी म्हणायचात, गार्गी, इथे जड झालीस. इथे माणसं अवघडली बघ. चार वर्षांत एकदाही तुम्ही तसं लिहिलं नाहीत. मला वाटायला लागलंय, माझ्या वाजवण्यात तसं बोलण्यासारखं काही उरलंच नाही. म्हणून तुम्ही आता नुसतं तपासता."

"तसं नाही, गार्गी," एवढंच हृषीकेश म्हणाला. ती आणखी काही ऐकायला थांबली होती. ते मिळालं नाही तेव्हा उठली आणि होडीत उतरून निघून गेली.

होडी लांब गेल्यावर ऋजुता म्हणाली, "मला सांग आता."

"काय?"

"तू मोजतोस. सकाळपासून बघतेय."

तो तिच्या समोर बसला. "ऑपरेशननंतर महिनाभराने मी तबला काढला होता. तू ऑफिसला गेली होतीस. आवाज सगळा ऐकू येत होता. चाट, शाई, डग्ग्याचा घुमका, सगळं स्वच्छ. पण मी सम कुठे आली ते बघत होतो, घड्याळात किती वाजले ते बघावं तसं. समेवर येऊन काही होत नव्हतं. मला वाटलं, सवय गेली. मग पुण्याला तपासणीला गेलो तेव्हा डॉक्टरांना विचारलं."

"मी बाहेर बसले होते."

"हो. त्यांनी समजावून सांगितलं. आपल्या कानात तोल सांभाळणारी एक पिशवी असते ना, तिचं मूळ काम ऐकण्याचं होतं. मासे अजून तिनेच ऐकतात. माणसाला ऐकायला पुढे वेगळा शंख मिळाला, पण ती पिशवी जुनी सवय विसरली नाही. ढोल, डग्गा, असा खालचा आणि जोराचा आवाज आला की ती थरथरते, आणि मेंदूला वाटतं, शरीर हललं. म्हणून ठेका ऐकून माणूस डुलतो. कुणाला शिकवावं लागत नाही, तान्ही मुलंसुद्धा डुलतात. यंत्र बनवणाऱ्यांना मात्र तो थरथराट म्हणजे कचरा वाटला. तोल सांभाळायला त्याचा उपयोग नाही. म्हणून त्यांनी तो गाळून टाकला."

ऋजुताला आणखी समजावण्याची गरज नव्हती. पाणी गाळणं हा तिचा रोजचा धंदा होता. चाळण फार बारीक लावली की गाळाबरोबर क्षारही जातात. पाणी शुद्ध होतं आणि बेचव होतं.

"चार वर्षं," ती म्हणाली. "चार वर्षं तू मला सांगितलं नाहीस."

"काय सांगायचं? तू तेव्हा नुकती बढती घेतली होतीस. रात्री झोपायला लागली होतीस. घोरायचीससुद्धा."

"थट्टा करू नकोस."

"थट्टा नाही करत. तुझं घोरणं ऐकत मी पडून राहायचो आणि म्हणायचो, हे पुरे आहे. बऱ्याच दिवशी ते पुरतंही. रोज नाही पुरत."

ती उठून यॉटच्या मागच्या टोकाला जाऊन बसली. किनाऱ्यावर माणसं स्पीकर उभे करत होती. तिला राग आला होता, पण त्याच्या आत जे होतं ते तिला ओळखीचं वाटलं आणि आवडलं नाही. 'तोल'चं नाव निघताक्षणी तिच्या मनात पहिला विचार आला होता तो हा, की आता हा मला ते बंद करायला सांगेल. त्याचं काय गेलं, हा विचार त्याच्या मागून आला होता. आणि तो सांगणार नाही, कारण तिच्या मनात आधी काय येईल हे त्याला चार वर्षं ठाऊक होतं. म्हणूनच तर तो गप्प होता.

रात्री जेवून दोघं लवकर आडवे झाले.

सकाळी आठच्या सत्रासाठी तारींनी त्यांना होडीने वाळूवर सोडलं. सहा-सातशे माणसं बसली होती. पुढच्या काही रांगांत पट्टी लावलेली तरुण मंडळी बरीच दिसत होती, कानामागे पांढरा चौकोन. होडीतून आलेली आणि अजून पट्टी न काढलेली. ऋजुताने कड्याच्या सावलीतली, गर्दीपासून जरा दूर पण स्पीकरच्या समोरची जागा निवडली. चादर पसरली. पिशवीतून टॉवेल काढला, पाण्याची बाटली काढली, तारींकडून मागून आणलेली छोटी बादली बाजूला ठेवली. मग फोन काढून त्यावर अंगठा टेकवला.

हृषीकेशने आधी बादलीकडे पाहिलं, मग तिच्याकडे. "नको, ऋजू."

"किती वेळ वाजवेल ती?"

"चाळीस मिनिटं. पण चार वर्षांत आजार कुठवर गेलाय ते माहीत नाही. कदाचित काहीच होणार नाही. कदाचित पहिल्या मिनिटाला..."

"मला माहीत आहे काय होतं ते. तुझ्यापेक्षा जास्त मी बघितलंय, तुझे तर डोळे मिटलेले असायचे." तिने अंगठा उचलला नाही. "ठेव."

त्याने अंगठा ठेवला. पडदा एकदा उजळला आणि विझला. हृषीकेशचं डोकं लगेच एका बाजूला कललं, मोट सुटावी तसं. तिने त्याला खांद्यांना धरून चादरीवर आडवं केलं. तो डोळे मिटून, दोन्ही तळवे वाळूत रुतवून पडून राहिला.

"फिरतंय?"

"डुगडुगतंय. तारींच्या होडीसारखं. बस इथे."

स्टेजवर गार्गीने तबला लावून घेतला आणि झपतालाचा संथ पेशकार सुरू केला. सुरुवातीला ऋजुता फक्त त्याच्या चेहऱ्याकडे बघत होती, वाईट खुणा शोधत. ओठ पांढरे पडतात का, घाम येतो का. गार्गीचा डग्गा घुमला, वाळूतून तो ऋजुताच्या मांडीपर्यंत पोचला. हृषीकेशची हनुवटी हलली. अगदी थोडी. मग दुसऱ्या आवर्तनात खांदा हलला. मग त्याच्या सगळ्या अंगातून काहीतरी हळूच सरकत गेलं, आणि समेवर त्याच्या तोंडून आवाज निघाला, "हं." तो आवाज तिने बारा वर्षांत ऐकला नव्हता. पूर्वी पहाटे रियाज करताना पलीकडच्या खोलीतून तो यायचा आणि ती अर्धवट झोपेत तो मोजायची, अजून दोन झाले की उठायचं म्हणून.

मिटल्या डोळ्यांतून पाणी त्याच्या कानाकडे ओघळत होतं. तो हसतही होता. पंधराएक मिनिटांनी तो म्हणाला, "घाई करते."

"काय?"

"गार्गी. खालीच्या सहाव्या मात्रेवरून आठवीवर येताना घाई करते. मात्रेत नाही, मात्रा बरोबर आहे तिची. पण मनाने आधीच पोचलेली असते. म्हणून समेवर माणूस टेकत नाही. इतकी वर्षं मला हे कळलं नाही." त्याचा आवाज आनंदाने कापत होता.

विसाव्या मिनिटाला झटका आला. ऋजुताला तो त्याच्या आधी कळला. त्याची मान ताठ झाली, बोटांनी चादर मुठीत धरली, आणि त्याने डोळे उघडले तेव्हा बुबुळं डावीकडे सरकून सरकून परत येत होती. तिने त्याला कुशीवर वळवलं, बादली लावली, कपाळ धरलं. जवळची माणसं वळून बघू लागली. कुणीतरी डॉक्टर बोलवू का विचारलं. "नको, आजार आहे, मला माहीत आहे," ती म्हणाली. आणि त्या आठ वर्षांतलं सगळं तिच्या अंगावर आलं, तो आंबूस वास, ती लाज, आणि त्या लाजेखालचा राग, ज्याबद्दल ती कुणाशीच कधी बोलली नव्हती.

तिने फोन पुढे केला. "हृषी, अंगठा."

त्याने मूठ मिटली.

"हृषी, बास झालं."

"तिहाई होऊ दे," तो कसाबसा म्हणाला.

तिने त्याचं मनगट धरलं. तिला वाटलं, अंगठा ओढून काढावा आणि पडद्यावर टेकवावा. तिच्यात तेवढी ताकद होती आणि त्याच्यात अडवण्याइतकी नव्हती. तिने ते केलं नाही. फोन वाळूत ठेवला, त्याच्या पाठीमागे बसून त्याचं डोकं मांडीवर घेतलं आणि दोन्ही हातांनी घट्ट धरून ठेवलं. इतकं घट्ट, की निदान डोकं तरी एका जागी आहे हे त्याला कळावं. गार्गी जलद बोलांच्या रेल्यात गेली होती. लोक आता स्टेजकडे वळले होते. हृषीकेश ओकत होता आणि मधल्या उसंतीत डुलत होता, आणि ऋजुताला तिच्या तळहातांतून दोन्ही वेगवेगळं कळत होतं. कुठली थरथर आजाराची आणि कुठली गार्गीच्या डग्ग्याची.

शेवटची तिहाई तीनदा वाजून समेवर आली. टाळ्या वाजल्या. हृषीकेशने मूठ उघडली.

यंत्र सुरू झाल्यावर दोन मिनिटांत त्याच्या डोळ्यांची हालचाल थांबली. तो उठून बसला, तोंड धुतलं, आणि स्वतःच बादली घेऊन पाण्याच्या कडेला गेला. गार्गी स्टेजवरून थेट पळत आली. कुणीतरी तिला सांगितलं होतं, सर आजारी पडले. तो तिला म्हणाला, "बस. खालीवरून आठवीवर येतेस ना, तिथे तू आधीच पोचलेली असतेस. रस्त्यात जरा रमायला शीक. लोक तुझ्या मागे धावून दमतात." गार्गी ऐकत राहिली. मग तिने वाळूत बोटाने दहा मात्रांच्या रेघा ओढल्या आणि सातवी-आठवीच्या मधली जागा दाखवून विचारलं, "इथे?" तो म्हणाला, "इथेच." तेव्हा ती ओठ दाबून हसली आणि ओढणीने डोळे पुसले.

परतीच्या वाटेवर लाट मोठी होती. आता ऋजुता आडवी पडली होती आणि हृषीकेश तिच्या उशाशी बसून तिला लिंबू चोखायला देत होता. त्याने काही विचारलं नाही. अर्ध्या तासाने तीच म्हणाली, "पुन्हा करायचंय तुला."

"तू सांग."

ती खरं काय ते शोधत राहिली. रोज म्हणावंसं वाटत होतं, ते खरं नव्हतं. कधीच नको, तेही नव्हतं. "वर्षातून दोनदा," ती शेवटी म्हणाली. "त्याच्यापेक्षा जास्त माझ्याच्याने होणार नाही. मी तुला खोटं सांगत नाही."

"दोनदा खूप झालं," तो म्हणाला. तो तिची समजूत घालत नव्हता, हे तिला त्याच्या आवाजावरून कळलं. थोड्या वेळाने तो म्हणाला, "गणपतीत नको. बाहेर ढोल असतात, फुकट जाईल."

"मग कधी?"

"एकदा गार्गीला घरी बोलवू. आणि दुसऱ्यांदा मीच वाजवेन म्हणतो. दहा मिनिटं जमलं तरी पुष्कळ. तू ऐकशील ना?"

झटका आला तर बसल्याजागी वाजवणार कसा, असं ती विचारणार होती. पण तो तिच्याकडे बघत नव्हता. लिंबू हातात धरून तो मनातल्या मनात घरातली जागा आखत होता आणि पुटपुटत होता: पाठ भिंतीला, दोन्ही बाजूंना लोड, आणि ऋजू डावीकडे, डग्ग्याच्या बाजूला, हात पोचेल इतक्या जवळ.